बकाराम विणकराचा कडक नेम

वैनगंगेच्या काठी विणकरांचं एक गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्याची ही गोष्ट आहे त्याचे नातेवाईक अजून तिथे राहतात आणि मला अधूनमधून जेवायला बोलावतात. त्या गावात बकाराम नावाचा एक विणकर होता. हात कसबी, स्वभाव गरीब आणि जीभ भारी चटोर.

पार्बता त्याची बायको. एकुलती लेक सासरी गेलेली, त्यामुळे घरात दोघंच. तो माग चालवायचा आणि ती चरख्यावर कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची लहानशी नळी. ती सैल भरली गेली की कापडात पट्टे पडतात, मग विणणारा कितीही हुशार असो. म्हणून त्या गावात म्हणायचे, काठ विणकराचा आणि पोत त्याच्या बायकोच्या हातचा.

गावाची एक जुनी रीत होती. एका मागावर राबणारी दोन माणसं एकाच भांड्यातलं खायची. एकाने काही सोडलं, तर दुसऱ्यानेही सोडायचं. एकाचं पोट भरलेलं आणि दुसऱ्याचं रिकामं असलं की मागाचा ताल चुकतो, असं जुनी माणसं सांगत. रीत कोणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडायची हिंमतही कुणी करत नव्हतं.

बकारामचा जीव गोळाभातावर होता. चण्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद आणि थोडं तेल घालून पार्बता लिंबाएवढे गोळे वळायची आणि अर्धवट शिजलेल्या भातात ते हलकेच ठेवून वर झाकण घालायची. भाताच्या वाफेवर गोळे शिजत. मग पानात गरम भात, त्यावर कुस्करलेला गोळा आणि त्यावर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. वास आला की बकारामचा धोटा आपोआप थांबायचा. त्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट एवढंच की तो तीनदा वाढून घ्यायचा, फोडणी पळीपळीने ओतायचा, भाजीकडे पाहायचासुद्धा नाही आणि मागाची घाई असल्यासारखा न चावता गिळायचा. त्यानंतर दिवे लागेपर्यंत बसून काम.

व्हायचं तेच झालं. पोट वाढलं. विणलेलं कापड ज्या आडव्या दांड्यावर गुंडाळतात, तो दांडा विणकराच्या पोटासमोर असतो. बकारामचं पोट त्या दांड्याला टेकायला लागलं. तो मागे सरकून बसू लागला, तर हात पुरेनात. चार पावलं चाललं की धाप लागे. तेव्हा पार्बताने त्याला गणबा वैद्यांकडे धाडलं.

गणबा वैद्य म्हातारे होते आणि कमी बोलत. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले, "गोळाभात खा बकारामजी. पन तीनदा घेता ते एकदा घ्या. फोडनी पळीनं नोका ओतू, चमच्यानं घ्या. संगं भाजी ठेवा, घास चावा, अन् सांजेले नदीपर्यंत चालत जा."

"बस, एवढंच?" बकारामने विचारलं.

"एवढंच."

बकाराम हिरमुसला. औषध कडू नाही, पथ्य जाचक नाही, मग गुण कसा यायचा? शिवाय असल्या उपायाची चारचौघांत मिजासही मारता येत नाही. आपल्याकडे बहुतेकांना अर्ध्या पळीचा उपाय पटत नाही. सगळं खायचं नाहीतर सगळं सोडायचं, यातच मर्दुमकी वाटते. बकारामही त्यातलाच.

घरी येऊन त्याने मागापुढे हात जोडले आणि मोठ्याने नेम धरला, "दीड महिना भात बंद, तेल बंद, बेसन बंद, गूळ बंद. दोन्ही वेळा उकडलेली लवकी अन् मुगाचं पानी."

पार्बता चरख्यावरून म्हणाली, "मंग मीबी तेच खाईन."

"तू काहून? तुह्यं पोट कुठं सुटलं?"

"एका मागावर दोन भांडे नसतात जी."

पार्बता मुळातच काडीसारखी. बकारामने तिथेच तिला अडवायला हवं होतं. अडवलं नाही. उलट बायको आपल्या नेमात सामील झाली म्हणून त्याची छाती फुगली. त्या दिवसापासून त्या चुलीवरून हिंगाचा वास उठायचा बंद झाला.

पहिले दोन दिवस त्याने उत्साहात काढले. तिसऱ्या दिवशी लवकीचं, म्हणजे दुधी भोपळ्याचं, भांडं पाहिलं की त्याला मळमळायला लागलं. चौथ्या दिवशी तो धोट्यावर खेकसला. पाचव्या दिवशी शेजारच्या घरी भाताला फोडणी पडली तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. भूक माणसाला लहान करते, त्याला हसू नये. सहाव्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी तो विणलेलं कापड खांद्यावर टाकून नदीपलीकडच्या बाजाराला जायचा.

बाजारात शिरताच हिरालालचं दुकान लागायचं. कढईत मुंगवडे तळले जात होते. बकाराम पुढे गेला, पुन्हा मागे आला. मग त्याच्या मनाने एक पळवाट काढली. नेम आपण मागापुढे धरला होता आणि माग तर घरी आहे. इथे कोण पाहतंय? अशी अक्कल फक्त उपाशी विणकरालाच सुचू शकते.

"एक पान मुंगवडे दे," तो हिरालालला म्हणाला. एकाची चार पानं झाली. त्यावर दोन आलूबोंडे, त्यावर वाटीभर गोड बुंदी. सहा दिवसांची सगळी भूक त्याने एका बैठकीत भरून काढली. परतताना नदीवर तोंड धुतलं, मिशी पुसली आणि घरी आला.

पार्बता त्याच्यासाठी थांबली होती. नवऱ्याआधी ती जेवत नसे. तिने लवकी वाढली. त्याने दोन घास घेतले आणि भूक नाही म्हणून हात धुतला. पार्बताला भरून आलं. एवढी पायपीट करून आलेला माणूस नेमासाठी उपाशी उठतो, असं तिने दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायकांना सांगितलं. आळीत नाव झालं. येता-जाता लोक बकारामला म्हणू लागले, "मन असावं त असं." तो मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

कौतुक झाल्यावर खरं सांगणं आणखी अवघड होऊन बसलं. मग दर मंगळवारी तेच. सहा दिवस चिडचिड, सातव्या दिवशी हिरालाल. पोट होतं तिथेच राहिलं, वर छातीत जळजळ सुरू झाली. आणि घरी पार्बता मात्र इमानेइतबारे उकडलेली लवकी खात होती. तिचा मंगळवार इतर दिवसांसारखाच जायचा.

चौथ्या आठवड्यात कापडात पट्टे दिसायला लागले. बकाराम वैतागला.

"कांड्या सैल भरून रायली तू. हाताले काय झालं?"

"चुकलं जी," पार्बता म्हणाली. "उद्या घट्ट भरीन."

तिने घट्ट भरायचा प्रयत्न केला, पण बोटांत जोरच उरला नव्हता. चरख्याचं चाक फिरवताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती डोळे मिटून थोडी थांबायची आणि पुन्हा चाक फिरवायची. त्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तो तिच्यापायी नेम सोडेल अशी तिला भीती वाटत होती.

सहाव्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ती चरख्यावरच कलंडली. बकाराम पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यातून धडपडत वर आला. तिला उचललं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती सुताच्या मोठ्या लडीएवढी हलकी झाली आहे. त्याने तिला खाटेवर ठेवलं, शेजारणीला जवळ बसवलं आणि धापा टाकत गणबा वैद्यांना घेऊन आला.

वैद्यांनी नाडी पाहिली. पापणी ओढून पाहिली. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय खाते?"

"मी खातो तेच," बकाराम म्हणाला. "लवकी अन् मुगाचं पानी. आळीत विचारा."

"दोघंबी एकाच भांड्यातलं?"

"एकाच."

वैद्यांनी एकदा त्याच्या पोटाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "मंग हा अन्नाचा दोष नाही," ते म्हणाले. "तेच खाऊन तुमचं पोट जाग्यावर हाये, अन् इचं पाठीले लागलं. म्हंजे इच्या आत काही दुखनं हाये, ते इले खाऊन रायलं. कडू काढा देतो, दिवसातून तीनदा. अन् महिनाभर अन्न बंद ठेवा. नुसती पातळ पेज."

महिनाभर अन्न बंद. बकारामने खाटेवरच्या पार्बताकडे पाहिलं. वैद्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना जे सांगितलं त्यावरून त्यांनी बरोबर तेच ओळखलं. खोटं बकारामचं होतं आणि औषध पार्बताच्या घशाखाली उतरणार होतं. तो तोंड उघडणार तोच खाटेजवळ बसलेली शेजारीण दिसली, दारात आणखी दोघी. बकारामचं तोंड पुन्हा मिटलं. वैद्य काढ्याच्या मुळ्या-साली देऊन निघून गेले. शेजारणीही घरी गेल्या.

बकारामने काढा उकळला. वाटीत ओतून खाटेशी आणला. एका हाताने तिची मान उचलली आणि वाटी तिच्या ओठांशी नेली.

पार्बताने वाटी थोपवली आणि हळू आवाजात म्हणाली, "एक ऐका जी. माह्या दुखन्यापायी तुमचा नेम नोका मोडू. चारच दिवस रायले. एवढे निभावले, आता लोकं हासतीन."

बकारामने वाटी एकदम मागे घेतली. काढा गोधडीवर सांडला. त्याने वाटी खाली ठेवली आणि जमिनीवरच बसला. वयाने मोठा होता, लेकीचा संसार लावून दिला होता, पण त्या घडीला तो लहान पोरासारखा रडला.

"माहा नेम पहिल्याच मंगळवारी मोडला वो," तो म्हणाला. "मी बाजारात खात होतो. तुले काही दुखनं नाही. तू उपाशी हायेस. तुले मी उपाशी ठेवलं."

पार्बताने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"साही बाजार?"

"साही."

"काय खाल्लं?"

त्याने सांगितलं. मुंगवडे, आलूबोंडे, बुंदी. काही लपवलं नाही. एकदा शेवेचा लाडूसुद्धा खाल्ला होता, तोही सांगितला.

"अन् मले काय आनलं?"

 सहा मंगळवारांत तिच्यासाठी काही आणावं हे बकारामच्या मनातही आलं नव्हतं.

"तुमी खाल्लं याचा मले राग नाही," पार्बता म्हणाली. "भूक लागली, खाल्लं. पन तुमी एकटे खाल्लं. अन् मी इथं तुमची वाट पाहत लवकी गरम ठेवत होती." एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. ती रागावली, हे एका अर्थी बरंच झालं. रागवायलाही अंगात थोडा जीव लागतो.

बकाराम उठला आणि वैद्यांच्या घरी गेला. ओसरीवर चार माणसं बसली होती. आता त्याने ती माणसं गेल्यावर सांगू असा विचार केला नाही. सगळ्यांदेखत जे घडलं ते सांगितलं. आळीत कमावलेलं नाव एका दमात गेलं. कोणी तरी फिस्सकन हसलं. बकारामला त्याचं काही वाटलं नाही, त्याला घरी जायची घाई होती.

वैद्य हसले नाहीत. म्हणाले, "काढा मोरीत ओता. दोन दिवस मऊ भात अन् मुगाचं वरन द्या, मंग तिले जे आवडते ते. बकारामजी, दाव्याले उपाशी बांधलेला बैल सुटला का उभं पीक खाते. त्याले दोष नाही, बांधनाराले हाये. तुमी जिभेले रोज थोडं चारलं असतं, त ते बाजारात उधळली नसती."

दोन दिवस बकारामने माग बंद ठेवला. मऊ भात शिजवला, वरण शिजवलं, थोडं तूप घातलं आणि पार्बताला बसवून भरवलं. ती खायची, पण बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने खाटेशेजारी येऊन विचारलं, "आज काय खाशीन?"

ती कूस बदलून त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "गोळाभात."

ती खाटेवरून सांगत गेली आणि तो करत गेला. पण उभ्या जन्मात त्याने भरड्याला हात लावला नव्हता. पाणी जास्त झालं. भातात ठेवलेले गोळे फुटले आणि सगळ्या पातेल्यात पसरले. पार्बताने झाकण काढून आत पाहिलं.

"हा काही गोळाभात नाही जी," ती म्हणाली. "भातात पिठलं झालं हे." आणि दीड महिन्यात पहिल्यांदा ती हसली. दोघांनी ते भातपिठलं खाल्लं. चव बेताचीच होती, पण दोघांनी ताट पुसून खाल्लं.

पंधरा दिवसांत पार्बता खाटेवरून उठली. महिन्याभरात तिच्या कांड्या पूर्वीसारख्या घट्ट झाल्या. घरातला नेम गेला आणि त्याच्या जागी साध्या सवयी आल्या. रोजच्या जेवणात कधी आंबाडीची भाजी, कधी चिवळीची, कधी नुसतं ताक. फोडणी चमच्याने. संध्याकाळी दोघं नदीपर्यंत चालत जात. मंगळवारी बकाराम हिरालालकडे थांबायचा, चार मुंगवडे घ्यायचा, दोन तिथे खायचा आणि दोन पानात बांधून घरी आणायचा. पोट काही एका रात्रीत उतरलं नाही. हळूहळू, त्याच्याही नकळत, कमी होत गेलं.

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. दिवाळीला लेक माहेरी आली आणि पार्बताने मोठं पातेलंभर गोळाभात केला. लेकीचं जेवण झालं, ती शेजारी मैत्रिणीकडे गेली. मग दोघं नवरा-बायको समोरासमोर बसली. पूर्वी आधी त्याचं ताट वाढलं जायचं. आज बकारामने स्वतः उठून आधी पार्बताला वाढलं. गरम भात, दोन गोळे, चमचाभर फोडणी, बाजूला आंबाडीची भाजी. नंतर स्वतःला तेवढंच घेतलं.

जेवण झालं. पातेल्यात अजून बराच भात होता. हिंगाचा वास घरभर होता. बकारामची नजर तिकडे गेली, हात थोडा पुढे सरकला आणि थांबला. त्याने चोरट्यासारखं पार्बताकडे पाहिलं.

पार्बताने पातेलं उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं. पळीही त्यात ठेवली.

"माह्याकडे काय पाहता?" ती म्हणाली. "घरचंच हाये. भूक असन त घ्या."

आता अडवणारं कोणी नव्हतं. नेम नव्हता, पहारा नव्हता, नदीवर मिशी धुवायची गरज नव्हती. बकारामने पळी हातात घेतली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वाढून घेण्याआधी आपल्या पोटाला विचारलं. पोट भरलेलं होतं. मनही भरलेलं होतं.

"तुले पाह्यजे का अजून?" त्याने विचारलं.

"एक गोळा द्या," पार्बता म्हणाली.

त्याने तिच्या ताटात एक गोळा वाढला, तो कुस्करून दिला, आणि मग पातेल्यावर स्वतःच्या हाताने झाकण ठेवलं.

तात्पर्य: आवडीचं अन्न कुणाचं वैरी नसतं. भुकेपुरतं आणि आपल्या माणसांबरोबर उघडपणे खाल्लेलं अन्न अंगी लागतं. हट्टाने सोडलेलं अन्न शेवटी लपूनच खावं लागतं, आणि त्याचा भोग बहुतेक वेळा आपल्याला जीव लावणाऱ्याच्या वाट्याला येतो.